बाबासाहेब आरोपीचे वकील होते

आरोपीचा वकील म्हटलं की आपल्या पोरांच्या तोंडात आधी शिवी येते. दलाल. पैसेखाऊ. गुन्हेगारांना सोडवणारा. पेणला, रोह्याला, नागोठण्याला, कुठल्याही वस्तीतल्या बैठकीत बसा, हेच ऐकायला मिळेल. वीसेक वर्षं मी पेणच्या आणि रोह्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतोय, अलिबागच्या सेशन कोर्टात जातोय, आणि वीसेक वर्षं हे ऐकतोय. बाहेरचा बोलला तर सोडून देतो. पण निळा झेंडा खांद्यावर घेतलेला पोरगा असं बोलतो तेव्हा विचारावंसं वाटतं, लेका, तुझ्या घरातल्या भिंतीवर कोट घातलेला जो माणूस लावलायस, तो पोटासाठी काय करायचा?

घटनाकार, म्हणशील. बरोबर. पण घटना लिहायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तो माणूस वकिलाचा झगा घालून कोर्टात उभा राहत होता. आरोपीच्या बाजूनं उभा राहत होता. पुतळ्याच्या हातात आपण पुस्तक दिलं, वकीलपत्र द्यायचं विसरलो. त्यामुळं बाबासाहेबांचा अर्धा धंदाच आपल्या डोक्यातून गेला. तो गेल्यानं आपलं काय नुकसान झालं, तेवढंच सांगायला हे लिहितोय.

बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ ला मुंबईत परतले. सनद काढायला पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्रानं दिले. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेची तेव्हाची रीत अशी, की अशील थेट बॅरिस्टरकडं जायचा नाही. मधे सॉलिसिटर. ब्रीफ द्यायचं ते त्यानं. आणि सॉलिसिटरच्या पेढ्या कुणाच्या होत्या? तिथून महाराच्या पोराला ब्रीफ कोण देणार? म्हणून मग जिल्ह्याची कोर्टं, खालची कोर्टं, परळच्या दामोदर हॉलमधलं ऑफिस आणि दारात गोरगरीब. घर चालावं म्हणून बाटलीबॉयच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायचे. जातीनं त्यांना मोठ्या फीच्या कामापासून तोडलं. ते रडत बसले नाहीत. जे काम हाताला आलं त्यात असा हात बसवला, की पुढं विरोधकही वचकून राहिले.

१९२६ चं पुणं घ्या. दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका. टिळक-चिपळूणकरांवर सडकून टीका. जेधे, जवळकर आणि त्यांच्या साथीदारांवर बदनामीची फिर्याद झाली, खालच्या कोर्टानं शिक्षा ठोकली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. १९३४ ला र. धों. कर्वे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला. माणूस जातीनं ब्राह्मण, पण त्याच्याजवळ उभं राहायची भल्याभल्यांना लाज वाटत होती. बाबासाहेब हायकोर्टात उभे राहिले. ती केस हरले, कर्व्यांना दंड झाला. हरणारी, बदनाम करणारी केस त्यांनी घेतली, हे ध्यानात ठेवा.

आता १९२८. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत कधी येत नाही. धनंजय कीरांनी चरित्रात सांगितलीय. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांची साक्ष होती. सगळ्या अस्पृश्यांचं गाऱ्हाणं साम्राज्याच्या कमिशनपुढं मांडायचं होतं. आणि त्याच दिवसांत ठाण्याच्या सेशन कोर्टात त्यांचा एक खटला चालू होता. आपण नसलो तर आशिलांतले काही फासावर जातील अशी अवस्था. एकीकडं समाज, दुसरीकडं पिंजऱ्यातली चार-दोन माणसं. आपला आजचा पुढारी असता तर त्यानं क्षणात ठरवलं असतं, समाज मोठा, आशिलांना दुसरा वकील बघा. बाबासाहेबांनी न्यायाधीशाला विनंती केली की सरकारी वकिलाच्या आधी मला बचावाचं भाषण करू द्या. न्यायाधीशानं मान्य केलं. भाषण केलं आणि पुण्याची साक्षही दिली. त्या खटल्यातले बहुतेक आरोपी सुटले. पिंजऱ्यातला माणूस म्हंजे समाजच, एवढं त्या माणसाला कळत होतं.

ह्याच समजुतीची पुढं घटना झाली. घटना समितीनं आधी जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमातून कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी गाळली. बाबासाहेबांना ते बोचलं असणार, कारण १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी नवं कलम १५-अ मांडलं आणि मागं झालेल्या नुकसानीची ही भरपाई आहे असं सभागृहात बोलून दाखवलं. तेच आजचं कलम २२. अटक केलेल्याला कारण सांगा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला आणि बचाव त्याला नाकारू नका. हे एका वकिलानं लिहिलंय, आणि त्यानं लॉकअपमधला माणूस जवळून बघितला होता.

दिल्लीतलं कलम पेण-रोह्यात कसं पोचतं ते आता बघा.

दुपारी पोलीस आरोपीला घेऊन येतात. फाटका शर्ट, चप्पल नाही, दोरीनं बांधल्यागत उभा. रिमांडचं काम दहा मिनिटांचं. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? पोरगा मान हलवतो. ती मान होकाराची का नकाराची हे त्यालाही सांगता येणार नाही. कागदावर ‘तक्रार नाही’ असं उमटतं. वकील आहे का? परत मान हलते. पोलीस कोठडी, तीन दिवस. पुढचा आणा.

कोण असतात हे? पेणच्या डोंगरातले, सुधागडच्या बाजूचे कातकरी. विटभट्टीवरचे. धाटावच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे. बौद्धवाड्यांतली बेकार पोरं. महामार्गाच्या कामावर आलेले परमुलखातले मजूर. ब्रिटिशांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९५२ ला तो रद्द झाला. कागदावर रद्द झाला. चोरी झाली की जीप कुठल्या वाडीकडं वळते ते बघा, म्हंजे कळेल की यादी अजून पाठ आहे.

माझ्याकडं आलेली एक केस सांगतो. पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही, पोराचंही नाही. पाण्याची मोटार चोरीला गेली, भट्टीवरून कातकऱ्याचा पोरगा उचलला. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात २३ आहे. पण त्यालाच एक फट आहे. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून आमच्याकडं मोटारी नेहमी ‘सापडतात’. झाडीत, पेंढ्याखाली, ओढ्याकाठी. ह्या पोरानंही स्वखुशीनं मोटार काढून दिली होती, असं पंचनामा म्हणत होता. निवेदनाखाली आरोपीचा अंगठा. मी उलटतपासात पंचाला विचारलं, तुमच्यासमोर अंगठा घेतला? हो. आरोपीला सही येत नव्हती? नाही. मग पोराची शाळेतली सही आणि वकीलपत्रावरची सही दाखवली. पोरगा सातवी पास होता, सुवाच्य अक्षरात सही करत होता. पंच गडबडला. हाच पंच आधीच्या दोन केसांतही पंच होता, तेही निघालं. पोरगा सुटला.

पण सुटायच्या आधी काय झालं? जामीन मंजूर झाला होता, जामीनदार मिळत नव्हता. सातबारावाला माणूस आणा म्हणाले. त्याची आई माझ्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, ‘साहेब, सातबारा असता तर भट्टीवं कशाला गेलो असतो?’ ह्या वाक्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. ज्या जागेवर तिचं खोपट, ती जागासुद्धा तिची नाही. जामीन मंजूर झालेला पोरगा त्यामुळं अडीच महिने अलिबागच्या जेलात राहिला, पुढं जातमुचलक्यावर सोडवून घेतला तेव्हा भट्टीचा हंगाम संपला होता. मालकाची उचल अंगावर तशीच.

आणि कायदा नव्हता असं नाही. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९७८ लाच सांगून ठेवलंय, की गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागू नका. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्याला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायचं, हे संहितेतच लिहिलंय. साठ दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा. पण अर्ज कुणीतरी करावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज गेला नाही आणि बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र आलं, की हक्क संपला. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील आहे, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. कोठडीतल्या माणसालाही आहे. किती वाड्यांत हे माहीत आहे?

आणखी ऐका. मुंबईला वरळीत एका बीएमडब्ल्यू गाडीनं बाई चिरडली. आरोपी पैशावाल्या घरचा. त्याचे वकील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, की अटकेची कारणं लेखी दिली नव्हती. नोव्हेंबर २०२५ ला कोर्टानं सांगितलं, कुठलाही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी द्या, आरोपीला समजेल त्या भाषेत द्या, आणि उशीर झालाच तरी रिमांडच्या निदान दोन तास आधी द्या. हा नियम आता कातकऱ्याच्या पोराचासुद्धा आहे. पैशावाल्याच्या वकिलानं भांडून काढलेला नियम आपल्या पोराच्या कामाला येऊ शकतो. पण रोह्याच्या कोर्टात उठून ‘कागद दाखवा’ म्हणायला माणूस पाहिजे. तो नसेल तर नियम दिल्लीच्या कपाटात.

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सलग घ्यायची गरज नाही, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या तुकड्यांनी मागता येतात. म्हंजे जेलात गेलेला पोरगा परत ठाण्यात येऊ शकतो. ही भीती काय असते ते पाठीवर वळ असलेल्याला विचारा.

वकील नसला, किंवा नुसता नावाला असला, तर पुढं काय होतं? महाराष्ट्रातलीच केस आहे. २००३ ला एका गरीब घरावर दरोडा पडला, पाच खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी. २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांची फाशी कायम केली किंवा वाढवून दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंमधून दुसरीच चार माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं आत. सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा हुकूम झाला. सोळा वर्षांना पाच लाख. हिशेब तुम्हीच करा. ते सहा जण आधीच लटकले असते तर आपल्यातल्या किती जणांनी मोर्चा काढला असता? एकानंही नाही. उलट पेढे वाटले असते, ‘दरोडेखोरांना फाशी’ म्हणून.

इथं मला थांबवून पोरं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे: वकीलसाहेब, मग ॲट्रॉसिटीचं काय? आमच्या बायापोरींवर हात टाकणाऱ्यांनाही तुम्ही वकील द्या म्हणणार?

हो. म्हणणार. मी स्वतः ते वकीलपत्र घेत नाही. त्या केसांत माझी जागा फिर्यादीच्या मागं, आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या १५-अ नं पीडिताला तसा आधार घ्यायचा हक्क दिलाय. पण आरोपीला वकीलच मिळू नये म्हणून निघालेल्या मोर्चात मी येणार नाही. २००८ चा मुंबईवरचा हल्ला आठवा. कसाबलासुद्धा वकील दिला होता. ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं त्याची फाशी कायम केली, तेव्हा वकील मिळाला नाही ही तक्रार नीट तपासून फेटाळली. आणि त्याच निकालात मॅजिस्ट्रेटांना बजावलं, की पहिल्यांदा पुढं आणलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगणं तुमचं कर्तव्य आहे. बचाव झालेल्या खटल्याची शिक्षा वर टिकते. बचाव न झालेला खटला वरच्या कोर्टात गळून पडतो, आणि मग आपण नव्यानं रडतो.

आपल्या केसा पडतात त्या आरोपीला चांगला वकील मिळाला म्हणून नव्हे. खैरलांजीत, २००६ ला, ॲट्रॉसिटीची कलमं कोर्टात टिकली नाहीत. खर्ड्याला २०१४ ला शाळकरी पोराला मारलं, २०१७ ला साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. फिर्याद कच्ची, जातीचा उल्लेख नीट नोंदलेला नाही, पंच ठेवणीतले, साक्षीदाराच्या पाठीशी वर्षानुवर्षं कुणी उभं नाही. मोर्चाला हजार माणसं आणि उलटतपासाच्या तारखेला त्या बाईबरोबर कोर्टात एकसुद्धा नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. केस कुठं फुटते हे फोडणाऱ्यालाच कळतं. जो वकील पंचनामा फाडून काढतो, त्यालाच सांगता येतं की आपली फिर्याद कशी लिहावी म्हंजे ती फाटणार नाही. एकच विद्या आहे, दोन्हीकडं लागते.

बाबासाहेबांनी ती दोन्हीकडं वापरली, आणि आपल्याच जिल्ह्यात वापरली. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी उलट हाणू दिलं नाही, कायद्याची वाट धरली, आणि जूनमध्ये हल्लेखोरांतल्या पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यावर ते खूश होऊन बसले नाहीत. जिल्ह्याचे मुख्य अंमलदार हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता, असंच त्यांचं म्हणणं होतं. चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ ला सुरू झाला, हायकोर्टात मार्च १९३७ ला निकाली निघाला. दहा वर्षं तारखा. तळ्याचं पाणी एका दिवशी प्यालं, ते कोर्टात टिकवायला दहा वर्षं लागली. आपण २० मार्चला महाडला जातो, त्या दहा वर्षांना कोण जातो?

आणि आपण आजकाल काय मागतो? फाशी द्या. एन्काउंटर करा. आमच्या ताब्यात द्या. गड्यांनो, पोलिसाच्या हातात खटल्याशिवाय गोळी दिली तर ती पहिली कुठल्या वस्तीत येईल? देशातल्या जेलांत २०२२ अखेर शंभरातले पंचाहत्तर कैदी कच्चे होते, गुन्हा शाबीत न झालेले. ती पंचाहत्तर माणसं कुणाची लेकरं आहेत? काही ठिकाणच्या वकील मंडळींनी ठराव केले, अमक्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. २०१० ला सुप्रीम कोर्टानं असले ठराव बेकायदा ठरवले. वकिलांचं वाळीत टाकणं ते. गावाचं वाळीत टाकणं आपल्या आज्यापणज्यांनी भोगलंय. तसल्या ठरावाला आपण टाळ्या वाजवायच्या?

ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांचं काय झालं तेही बघून ठेवा. सुधीर ढवळे, ‘विद्रोही’चे संपादक. २०११ ला अटक, २०१४ ला कोर्टानं निर्दोष सोडलं, मधली तीन वर्षं जेल. ६ जून २०१८ ला पुन्हा अटक, आणि त्याच दिवशी नागपूरचे फौजदारी वकील सुरेंद्र गडलिंग यांनाही. दलित-आदिवासींचे बचाव करण्यात ज्यांची हयात गेली ते गडलिंग. दोघंही आपल्या ह्या रायगडातल्या तळोजा जेलात होते. ढवळ्यांना हायकोर्टानं जामीन दिला तो जानेवारी २०२५ ला. तोवर साडेसहा वर्षं झाली होती आणि खटला उभाच राहिला नव्हता. आरोप खरे का खोटे हे कोर्ट ठरवेल. पण आरोपीचा वकील दलाल असता, तर त्याला आत टाकायची एवढी घाई कुणाला झाली असती?

तेव्हा शिव्या पुरे. आपली पोरं एलएल.बी. होतात आणि एमपीएससीच्या क्लासला बसतात, नाहीतर मुंबईला एखाद्या पेढीत फायली उचलतात. पोटाला लागतं, मान्य. पण पेणला दोन आणि रोह्याला दोन, एवढी तरी सनद घेऊन परत या. पैसा थोडा आहे, ते आधीच सांगतो. सनद नसेल त्यांनीही यावं. रिमांडच्या वेळी कोर्टात बसायला सनद लागत नाही. वही घेऊन बसा. पाच गोष्टी लिहा. अटक कधी झाली आणि चोवीस तास उलटले का. कारणं लेखी दिली का, कुठल्या भाषेत. अंगावर मार आहे का. वकील आहे का, नसेल तर विधी सेवा समितीला कळवलं का. साठावा आणि नव्वदावा दिवस कुठल्या तारखेला येतो. ती तारीख त्याच्या आईच्या हातावर लिहून द्या आणि आमच्यापैकी कुणाला तरी फोन करा.

एवढं सहा महिने करा, मग मला दलाल म्हणा. ऐकून घेईन.

रिमांड रोज असतो. जयभीम.